जशभाईंची पिशवी

नडियाद, १२ फेब्रुवारी, सकाळी

काल प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. उत्तम. आत नळी, नळीला पिशवी. डॉक्टर म्हणाले, मूत्राशयात कळा येतील, कुंथायचं नाही, गोळ्या वेळेवर घ्यायच्या, दुखलं की लगेच सांगायचं. हे सगळं भित्र्यांसाठी. संकल्प: एकही गोळी न घेता घरी जायचं.

शेजारच्या खाटेवर जशभाई पटेल, तंबाखूचे व्यापारी. त्यांचंही कालच, तेच ऑपरेशन. माणूस घड्याळ बघून गोळ्या गिळतो. कीव आली.

दुपारी

तीस वर्षं डेरीत दुधाचे नमुने तपासले, तेव्हा रंगातलं मला कळतं. जशभाईंची पिशवी: फिकं लिंबू सरबत. माझी: डाळिंबाचा रस. सिस्टर फ्लोराबेननं त्यांना शाब्बासकी दिली. मला म्हणाली, काका, जोर लावताय ना? अजिबात नाही. जरा लावून बघितला, एवढंच.

कळांवरची गोळी उशीखाली ठेवली. तिनं तोंड कोरडं पडतं म्हणे. मग चहाची चव कशी लागणार?

१३ फेब्रुवारी

कळ आली. दोनदा. म्हणजे सातदा. तोंडातून हूं की चूं नाही. बायको, तरुलता, म्हणते, जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. दुसरं कुणी असेल.

तिनं माझ्यासाठी गूळ-तुपाची सुखडी करून आणली. पहिला तुकडा जशभाईंना! वर म्हणते, किती शांत पडून असतात बिचारे. बिचारे? गोळ्या खाऊन कुणीही शांत पडून राहील.

१४ फेब्रुवारी, दुपारी ४

बडोद्याहून व्याही आणि विहीणबाई येणार. सोबत सात-आठ माणसं असणारच, आमच्यात आजाऱ्याची खबर काढायला एकटंदुकटं कुणी जात नाही. त्या सगळ्यांच्या देखत दोन पिशव्या शेजारी-शेजारी! छे. योजना: पिशवीवर टॉवेल टाकायचा, नळी मांडीखाली दाबून बसायचं.

संध्याकाळी ७

योजना सफल. बराच वेळ. मग अशी कळ उसळली की विहीणबाईंचा हात धरून मी ओ मा रे म्हणून ओरडलो. बेल जशभाईंनी दाबली. फ्लोराबेननं चादर दूर करून दाबलेली नळी सोडवली. उशी सारखी करताना पाच गोळ्याही तिलाच सापडल्या. व्याही म्हणाले, भाई, एवढी मोठी खाट, बसायला नळीच मिळाली?

तरुलता जशभाईंना दोनदा थँक्यू म्हणाली. मी मोजलं.

१५ फेब्रुवारी

जशभाईंची नळी निघाली. बाथरूमला स्वतः चालत गेले, हसत परत आले. माझी आणखी दोन दिवस. मला कुणाचा हेवा वगैरे नाही. फक्त सकाळपासून त्या माणसाकडे बघवत नाही.

घरी निघालेल्या जशभाईंना तरुलता लिफ्टपर्यंत सोडायला गेली. काम दोन मिनिटांचं, लावली पंधरा. काय बोलत होतात एवढं, मी विचारलं. म्हणे, जशभाई काळजीनं विचारत होते, बेन, त्यांना फार दुखतंय, तुम्हाला तरी सांगतात का?

मग तू काय सांगितलंस?

म्हणे, खरं तेच. दुखण्याबद्दल अक्षर काढत नाहीत. तीन दिवस नुसते तुमच्याबद्दलच बोलतायत.

फ्लोराबेनला हाक मारली. दुखतंय म्हटलं. तिनं गोळी दिली, मी गिळेपर्यंत समोर उभी राहिली.

तासाभरात कळा ओसरल्या. शांत पडून आहे. बघायला शेजारी कुणी नाही.