सिमेंटखालचं पाऊल

४ ऑक्टोबर
आले एकदाची जव्हारला! नाशिकची बाई डोंगरात टिकायची नाही, असं आईनं ऐकवलंय, बघूच. हाडांची डॉक्टर म्हणून ही माझी पहिली स्वतंत्र नोकरी. माझी चार वर्षांची चिऊ तूर्त आईकडे आहे, दिवाळीत जाऊन तिला घेऊन येणार. खोली जवळच्या साखरशेत गावात, धोंडीबाईच्या घरात. आत शिरताना तिनं माझा उजवा पाय ओल्या सारवणावर दाबून उमटवला आणि वर सूप झाकलं. घरात राहायला येणाऱ्या प्रत्येकाचं पाऊल असं ठेवून घेतात म्हणे. गाव सोडताना ज्याचं त्यानं ते आपल्या हातानं पुसायचं. मला फार गोड वाटलं. फोनवर सांगितलं तर चिऊलाही पाय उमटवायचाय!

१२ ऑक्टोबर
सारवणात किडे फार. मागे लागून खोलीत सिमेंट करून घेतलं. धोंडीबाईचा मुलगा मुकेश गवंडी आहे. आसपासच्या पाड्यांवरच्या नव्या घरांच्या जमिनी त्यानंच केल्यात. धोंडीबाई सुपापाशी घुटमळत होती. "आधी पाऊल पूस, डॉक्टरीण." मी म्हटलं, मी कुठे निघालेय? आता खोली कशी लख्ख दिसते.

१९ ऑक्टोबर
आज भन्नाट केस. रविना, वीटभट्टीवर निघालेली, जीपमध्ये चढताना पडली. पंजा पार बाहेर वळलेला. एक्सरेत दिसलं, नडगीशेजारचं बारीक हाड घोट्याशी मोडून जाड हाडाच्या मागे अडकलंय. असा घोटा ओढून बसत नाही. ओढाल तितकी नासधूस. उघडायचं, अडकलेलं हाड हलकेच सोडवायचं, धातूची पट्टी आणि स्क्रूनं पक्कं करायचं. मस्त बसलं. स्वतःवर जाम खूश आहे. रविना म्हणते, कुणीतरी पाय मागं धरला होता. घाबरलीय बिचारी.

२४ ऑक्टोबर
हरेश, एसटीच्या पायरीवर. तोच घोटा, तसाच अडकलेला. पाठोपाठ शेजारच्या दाभोसा गावची एक बाई. हा मोड एखाद्या डॉक्टरला जन्मात दिसत नाही. तिघंही कामासाठी गाव सोडून निघालेले, तिघांच्याही घरात मुकेशचं सिमेंट.
रविनाचा पुन्हा एक्सरे काढला. स्क्रू जागेवर आहेत. हाड परत मागे गेलंय.

२७ ऑक्टोबर
धोंडीबाईला विचारलं. पाऊल न पुसता जमिनीखाली कोंडलं की ते माणसाला जाऊ देत नाही, म्हणाली. पूर्वी सारवण होतं, पुसलं जायचं. आता कोण पुसणार?
हसायला गेले, जमलं नाही. रोज जव्हारला दवाखान्यात जाते, येते, मला कुठे काय होतंय? पण संध्याकाळी परत येतेच की मी. चिऊला आणायला उद्याच निघते.

२८ ऑक्टोबर
जीपच्या पायरीवर — मागे कुणी नव्हतं. खालून धरलं. थंड, ओलं, खरखरीत. पंजा बाहेर वळलाय. लोक पाय ओढायला धावले. ओढू नका म्हणून किंचाळले मी.

३० ऑक्टोबर
ऑपरेशनसाठी ठाण्याच्या हॉस्पिटलात न्यायला गाडी आली. वेशीशी घोटा असा पिळला की मीच म्हटलं, परत फिरवा. पुन्हा इथेच. मुकेशला सिमेंट फोडायला लावलं. पाऊल सापडलं. सरपटत जाऊन पुसलं, नखांनी खरवडलं — जात नाही. सिमेंट मुरलंय त्यात. चिऊ, मी येतेय गं, कशीही —

१ नोव्हेंबर
मुकेशनं खड्डा बुजवला. दारापासून खाटेपर्यंत ओलं सिमेंट. मी खाटेवर. भीती वाटते. निदान चिऊ तिकडे सुखरूप आहे.

बाहेर जीप थांबली. आईचा आवाज. पाय मोडल्याचं कळलं म्हणून न सांगताच —

चिऊ. दारात. चप्पल काढतेय. माझापण पाय, म्हणतेय. आई, धर तिला — धोंडीबाई — मला उठता येत नाही — चिऊ, थांब तिथेच, ओलं आहे ते, बाळा, पाय नको ठे