ज्याची तू, त्याच्या कामाला लाग

१० फेब्रुवारी १९४३, ग्वारीघाट

पोचलो एकदाचा. मुंबईहून इटारसीपर्यंत पलटणीच्या शिपायांच्या ट्रंकांवर बसून, आणि तिथून पुढे उभ्यानं. पण जबलपूर स्टेशनावरून टांगा घाटाच्या रस्त्याला लागला आणि सगळा शीण उतरला. उद्या नर्मदा जयंती. घाटावर झेंडूचे ढीग, पानांच्या द्रोणांत दिवे, पंडे, नावाडी, नुसती झुंबड. मला तर वाटलं, माझ्याच स्वागताला जमलेत!

मी मालवणचा सुतार, माझगावच्या गोदीत हाडं झिजवलेला. समुद्र सोडून शेकडो मैल आत बोटीच्या कामाला कुणी बोलावील असं स्वप्नातही नव्हतं. बोलावणारा हॅलम साहेब, इथल्या एका ओतकामाच्या कारखान्याचा मॅनेजर. लढाईसाठी बॉम्बची कवचं ओततात. पेट्रोल कुपनावर गेलं, त्याची मोटारबोट धूळ खात पडली, म्हणून आता शिडाची लहान बोट नर्मदेत सोडायची हौस.

बोट छपरीत टेकूंवर उभी आहे. पोट सुटलेली, खोल, कुल्ल्यात जड. इथल्या नावा सपाट बुडाच्या, त्यामुळे नावाडी तिला म्हैस म्हणतात. म्हणोत. मला मात्र पाहताक्षणी आवडली.

झोपायला छपरी. जेवण घाटाच्या वरच्या अंगाला शकुवहिनींकडे. वर्ध्याकडची बाई, कारखान्यातल्या चारदोन मराठी माणसांना घरी जेवू घालते. आज गोळाभात होता, वर कडकडीत फोडणी. नवरा मुरलीधर साहेबाच्याच भट्टीवर होता. गेल्या दिवाळीत काम टाकून पळाला म्हणे. बाई कपाळभर कुंकू लावते आणि रोज त्याचं पान मांडून ठेवते. मी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं, "येतील ते. काहून नाही येणार?"

१६ फेब्रुवारी

काम जोरात. फळ्यांच्या सांध्यांतला कुजका कापूस खरवडून काढला, नवा ठोकला, वरून राळ. सुकाणूचा दांडा सागाचा केला.

मुख्य काम कीलचं. कील म्हणजे बोटीचा कणा. या जातीच्या बोटीला तो नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या सुकाणूपर्यंत सलग असतो, आणि तळाशी धातूचं वजन. वाऱ्यानं कितीही कलंडली तरी ते वजन तिला उभी करतं. सुकाणू सोडून विडी ओढत बसा, ती आपली सरळ जाते. वळायचं म्हटलं की मात्र कुरकुरते, सासुरवाशिणीसारखी.

मूळचं वजन शिशाचं होतं. ते साहेबानं लढाईच्या भावात फुंकलं आणि दिवाळीत आपल्याच कारखान्यात बिडाचं ओतून घेतलं. ते धूड मला बोल्टांनी खाली जोडायचं आहे. गंमत अशी की तीन महिने उघड्यावर पडून त्याला गंजाचा ठिपका नाही. सकाळी हात लावला तर कोमट लागलं. ऊन खाऊन असेल म्हणावं, तर ऊन अजून यायचं होतं.

२३ फेब्रुवारी

आज कील बसवली. साखळीच्या कप्पीनं धूड उचलायला कारखान्यातून माणसं आली, सोबत भट्टीचा मिस्त्री भाऊराव. हाही आपल्यातलाच, उमरेडचा. धडधाकट गडी, पण धुडाला शिवेना. वर चपला काढून लांब उभा. मी म्हटलं, मिस्त्री, देवळात आलात की काय? हसला नाही.

आमच्या घराण्यात कील बसली की सुतारानं तिची पूजा करायची. हळदकुंकू, नारळ, आणि मालकाचं नाव घेऊन सांगायचं, "ज्याची तू, त्याच्या कामाला लाग." आता या गोऱ्याचं नाव मी देवासमोर घेऊ? लोकांना तुरुंगात कोंबून ठेवलंय यांनी. जीभ रेटेना. मग नाव गाळलं आणि नुसतंच म्हटलं, ज्याची तू, त्याच्या कामाला लाग. लोखंडावर कुंकू लावलं ते लगेच वाळून काळं पडलं.

भाऊराव मध्येच उठून गेला.

३ मार्च

बोट पाण्यात! सांधे एक थेंब घेत नाहीत. डोहात खोली भरपूर. साहेबाला शीड कसं आवरायचं, वाऱ्याच्या झोतात दोर कधी सोडायचा, सगळं दाखवलं. शिकतो चटकन, हे मान्य करायला हवं.

एक मात्र विचित्र. नांगरलेली बोट प्रवाहाकडे नाहीतर वाऱ्याकडे तोंड करते. ही साहेबाकडे करते. तो घाटावर डावीकडे गेला, नाळ डावीकडे. काठावरच्या आपल्या तंबूत शिरला, नाळ तंबूकडे. साहेब खूश, म्हणाला कुत्र्यासारखी मालक ओळखते. मी हो हो केलं. पण गोदीत इतक्या बोटी पाहिल्या, प्रवाहाला पाठ देऊन उभी राहिलेली ही पहिलीच.

११ मार्च

शकुवहिनी रोज संध्याकाळी नवऱ्यासाठी नर्मदेत दिवा सोडतात. बाकीच्यांचे दिवे खाली वाहून जातात. त्यांचा बोटीशी येतो आणि कीलच्या अंगाला लागून जळत राहतो. वहिनी हसून म्हणाल्या, "तुमच्या बोटीला माझा दिवा आवडून राहिला, मिस्त्री."

१९ मार्च. उद्या होळी

आजचं आजच लिहून ठेवतो.

भाऊराव साहेबाचा निरोप घेऊन आला होता. पायऱ्या उतरू लागला आणि बोट त्याच्याकडे वळली. तो थांबला. बाजूला झाला. ती बाजूला वळली. तो पायरीवर बसला आणि सगळं ओकला.

मुरलीधर पळाला नाही. दिवाळीत, पाळीच्या शेवटी, हे दोघंच मागे उरले असताना भट्टीवरची फळी मोडली आणि तो लोखंडाच्या रसाच्या बादलीत पडला. हाडसुद्धा उरलं नाही. भट्टीवाल्यांची रीत आहे, माणूस घेतलेला रस साच्यात ओतत नाहीत. थंड झाला की तो गोळा नर्मदेत सोडतात, प्रेताचे सगळे विधी करून. भाऊराव साहेबाच्या पाया पडला. साहेब म्हणाला, पोलीस येतील, लष्कराचा तपासनीस येईल, भट्टी बंद पडेल. बॉम्बमध्ये तो रस घालवेना, तेवढी भीती त्यालाही होती. पण वाळूत बोटीच्या कीलचा साचा तयार होता. "उसमें डालो." आणि बादली कलंडवली ती भाऊरावानं. पळून गेल्याची आवई उठवली तीही त्यानंच. "काय करता भैया, पोरंबाळं आहेत मला," म्हणत होता.

मी त्या लोखंडाला भोकं पाडली. ठोकलं, घासलं. आणि म्हटलं, ज्याची तू, त्याच्या कामाला लाग.

ते कुणाचं आहे हे आता कळलं.

२० मार्च

समोर होळी पेटली आहे आणि माझ्याही आत तेच. त्या बाईचा नवरा वितळवून यानं रविवारच्या सहलीचं वजन केलं! याला मी सोडणार नाही. कोर्टकचेरी यांचीच, मग न्यायही आपणच करायचा.

वहिनींना सांगावं म्हणून गेलो. त्यांनी पुरणपोळी वाढली. नुसतं रडगाणं काय सांगू? आधी साहेबाला बुडवतो, मग सांगतो. बाईला निदान सूड तरी हातात देता येईल.

२४ मार्च

काल कीलचे नट सैल केले. वारा भरला की वजन सुटेल आणि बोट पालथी. आज पाहिलं तर सगळे घट्ट. माझ्या पान्यानं हलेनात.

२६ मार्च

एका बोल्टावर करवत चालवली, अर्ध्याच्या वर. दुपारी हात फिरवला. चीर नाही. हाताचं बोट भाजलं.

मुरलीधराला माझी मदत नको आहे.

२८ मार्च, रविवार

झालं!

दुपारी साहेब एकटा निघाला. सगळा घाट पाहत होता. डोहाच्या मधोमध वारा पडला, बोट थांबली, आणि तिच्याभोवतीच्या पाण्यातून वाफ निघू लागली. साहेब ओरडला, पाय झाडत नाचू लागला, मग उडी टाकली. वारा नाही, लाट नाही, आणि बोट सावकाश त्याच्यावर कलंडली. थोडा वेळ तशीच राहिली. मग उभी झाली, शीड कोरडं.

नावाड्यांनी प्रेत काढलं. डॉक्टर चक्रावला. बुडालेला माणूस, आणि कातडी भाजून सोललेली. लोक मगर म्हणतात. मी पायरीवर उभा राहून हसलो. मनापासून हसलो. मुरलीधरा, शाबास!

जेवायला गेलो तर शकु साहेबासाठी हळहळत होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तिनं ताट वाढलं, माझ्याकडं बघून म्हणाली की तुम्ही असता तर घरात माणूस असल्यासारखं वाटतं. मग राहिलंच. ऐकलं की ती कुंकू पुसणार, हे घर बंद करून माहेरी जाणार. घाई काय आहे? थोडे दिवस जाऊ देत. मग कदाचित तिलाही कुणाचा आधार लागेल. डोकं भलतीकडे धावतं आहे.

१ एप्रिल

भाऊराव गेला. पहाटे नारळ घेऊन बोटीची क्षमा मागायला उतरला होता. गुडघाभर पाण्यात सापडला. गुडघाभर. छातीपर्यंत भाजलेला. बोट नांगर ओढत काठाला आली होती.

ठीकच झालं. बादली त्यानंच कलंडवली. आता फिटलं.

आता कील सोडवून विधीनं नर्मदेत सोडतो. आणि शकुला सांगतो. उद्या.

२ एप्रिल

नट निघत नाहीत. बोलता आलं नाही, जेवायला दुसरी माणसं होती.

३ एप्रिल

सकाळी छपरीतून बाहेर आलो. नाळ माझ्याकडे.

पाण्याकडे गेलो नाही. बाजाराच्या बाजूला गेलो, वळून पाहिलं. नाळ बाजाराकडे.

मी काय केलंय? मी त्याची पूजा केली. मी त्याच्या बाजूचा—

साहेबाला माहीत होतं. भाऊरावाला माहीत होतं. आता जिवंतांपैकी मलाच ठाऊक आहे, आणि ती रोज त्याचं पान मांडते, आणि मी समोर बसून जेवतो—

४ एप्रिल

मुंबईची गाडी पकडावी म्हणून निघालो. टांगा मिळेना. खोटं कशाला लिहू, टांगा होता. तिला न बघता जाववेना. परत आलो.

बोट काठाशी आहे. नांगर वर आलाय, मी काढला नाही.

उद्या सांगतो. उद्या नक्की.

५ एप्रिल, सकाळ

सांगितलं. सगळं. शकु चुलीसमोर बसून ऐकत होती. रडली नाही. एवढंच विचारलं, तुम्हाला कधी कळलं, मिस्त्री?

काल, म्हटलं. भाऊरावाच्या घरी गेलो होतो, काल कळलं.

तिनं मान हलवली. चूल विझवली. "चला. मला त्यांच्यापाशी घेऊन चला."

सुटलो. तिनं विश्वास ठेवला. देवा, सुटलो.

५ एप्रिल. बोटीत

पेन्सिलनं लिहितो. जवळ दुसरं काही नाही, आणि कुणाला तरी कळायला हवं.

ती बोटीत आली. तळाच्या फळ्या उचलायला लावल्या. बोल्टांवर हात ठेवून बसली. तिचा हात भाजला नाही. हळू काहीतरी बोलत होती, नवऱ्याशी बोलतात तसं. मग म्हणाली, शीड लावा, मधल्या डोहात सोडू या यांना, मी दिवा घेते. ती काठावर उतरली. मी शीड चढवत होतो. पाठ तिच्याकडे.

तिनं काठाला बांधलेला दोर सोडला.

मी हाक मारली. ती पायरीवर उभी. शांत. म्हणाली, "भाऊराव मरायच्या आदल्या दिवशी आले होते माझ्याकडं. सगळं सांगून गेले. तुम्हाला होळीच्या आदल्या दिवशीच सांगितलं होतं म्हणाले. मी वाट पाहून राहिली होती, मिस्त्री, तुम्ही कधी तोंड उघडता. होळीपासून माझ्या हातचं जेवून राहिले तुम्ही. मला सवाष्ण म्हणून बसवून."

वारा नाही. बोट प्रवाहाविरुद्ध चालली आहे. सुकाणू दगडासारखं. तळात पाणी आलंय— सांध्यांतून नाही, माझे सांधे पक्के आहेत— वाफ—

ओरडलो. नावाडी दूर आहेत. ती जवळ आहे. तिनं एक शब्द टाकला तर तो थांबेल. तिचं ऐकेल तो.

ती वाकली. ओंजळीत पाणी घेतलं. कपाळ पुसते आहे. सावकाश. चुडा पायरीवर—

राळ वितळते आहे. फळ्यांवर पाय ठरत नाही. डोलकाठीला धरून—

वहिनी, मी सांगणार होतो. खरंच सांगणार होतो. शकुवहिनी, त्याला सांगा, एकदा फक्त—

बघते आहे. ओठ मिटलेले. बोट कलं—