इंडिकेशन फॉल्ट

३ मार्च, सोमवार

सिम्युलेटर चेकमध्ये नापास. छे, नापास नव्हे. "पुन्हा बोलावलं" असं म्हणू.

झालं एवढंच की हायड्रॉलिकचं तेल कमी झाल्याची वॉर्निंग आली. मी रिवाजाप्रमाणे दिवा बोटाने दाबला, आवाज बंद केला आणि म्हणालो, इंडिकेशन फॉल्ट आहे, सेन्सर खराब असणार. हयातभर हेच पाहिलंय. तेल जागच्या जागी असतं, दिवाच खोटारडा. थोड्या वेळाने दुसऱ्या सिस्टिमचाही दिवा लागला. मी तोही दाबला.

परीक्षक म्हणाला, कॅप्टन, आता तुमच्या दोन सिस्टिम्स गेल्या. हा माणूस एकेकाळी माझ्या उजव्या सीटवर बसायचा, माझ्यासाठी कॉफी मागवायचा! आता म्हणतो, उडवता छान, पण विमानाच्या पोटात काय चाललंय ते तुम्हाला ठाऊक नाही. सतरा तारखेला सिस्टिम्सची तोंडी परीक्षा. त्यात गेलो तर डावी सीट, म्हणजे कॅप्टनची जागा, गेली.

मला ठाऊक नाही! मला!

संकल्प: रोज दोन तास मॅन्युअल. इंजिनपासून टॉयलेटपर्यंत, सगळं.

बायकोला काही बोललो नाही. तिने तोंड बघूनच ओळखलं आणि कपाटावरून जाडं पुस्तक काढून फडक्याने पुसलं. लग्न झाल्यापासून माझ्या प्रत्येक परीक्षेला प्रश्न तीच विचारते. उत्तर चुकलं की चष्म्यावरून बघते. त्या नजरेच्या जोरावर मी आजवर पास होत आलोय असं ती म्हणते. म्हणू दे बापडी.

५ मार्च, बुधवार

अभ्यास झकास. बायको स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मटार सोलत होती, पुस्तक मांडीवर, मिटलेलं. हिरवी, पिवळी, निळी, हायड्रॉलिकच्या तिन्ही सिस्टिम्स तिला तोंडपाठ. मी तोंड उघडायच्या आत उत्तर तिचं तयार. हिरव्या आणि पिवळ्याच्या मधल्या जोडपंपातून तेल जातं का? नाही, नुसता दाब जातो, तेल नाही. मलाही येतच होतं, जिभेवर होतं.

दुपारी लेकीचा फोन. नेहमीचं पालुपद. आईने काल फोनवर एकच गोष्ट चारदा विचारली, परवा गॅस तसाच ठेवला होता, बाबा, डॉक्टरांना दाखवा. मी म्हणालो, जिला अख्खं हायड्रॉलिक पाठ आहे तिला काय धाड भरलीय? दिवा लागला म्हणजे बिघाड असतोच असं नाही. लेक म्हणाली, बाबा, आई विमान नाहीये. आजकालच्या मुलांना उदाहरण कळत नाही.

८ मार्च, शनिवार

बायकोचा चष्मा फ्रीजमध्ये सापडला. मी तिच्या नाकावर ठेवला. गार लागला म्हणून ती हसली, मीही हसलो. माणूस कामाच्या गडबडीत काहीही कुठेही ठेवतो.

अभ्यास: इंधन. तिसऱ्या पानावर डोळा लागला. दोन तास जरा जास्तच होतात, एक पुरे. दर्जा महत्त्वाचा.

एक गंमत. दोन दिवस ती मला "अहो" म्हणायची सोडून "कॅप्टनसाहेब" म्हणतेय. चहासुद्धा पाहुण्यांच्या कपात, बशीत दोन बिस्किटं मांडून. परीक्षेच्या दिवसांत नवऱ्याचा मान ठेवते. बरं वाटलं. उगाच कशाला खोटं लिहा?

१२ मार्च, बुधवार

शेजारीण बायकोला हाताला धरून घेऊन आली. ही म्हणे कोपऱ्यावरच्या दूधवाल्याला आपलं घर कुठे ते विचारत होती. इतकी वर्षं त्याच्याकडून दूध घेते! मी शेजारणीला समजावलं की बिल्डिंगला नवा रंग दिलाय, कुणीही गोंधळेल. शेजारीण माझ्याकडे बघत राहिली. माणसांना तोंडावर "बरोबर आहे" म्हणायला काय होतं?

तोपर्यंत दुधाचं भांडं गॅसवर करपून काळं झालेलं. घरभर धूर.

उपाय केला. विमानात एखादी वस्तू बंद पडली की तिच्यावर "वापरू नये" अशी चिठ्ठी चिकटवतात आणि बाकीच्या विमानानिशी खुशाल उडतात. नियमात बसतं. मी गॅसच्या बटणावर चिठ्ठी लावली. बाहेरच्या दारावर दुसरी. मग तिसरी न्हाणीघराच्या गरम नळावर. घर पुन्हा उड्डाणयोग्य.

जेवायला ब्रेड-लोणी. ती शांतपणे जेवली, मग म्हणाली, या घरातल्या बाईला स्वयंपाक येत नाही वाटतं. काय खट्याळ आहे!

लेकीने सतराची डॉक्टरांची वेळ घेतलीय. रद्द कर म्हणालो, त्याच दिवशी माझी परीक्षा. ती रडायला लागली. मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला. रेंज होती.

१६ मार्च, रविवार

शेवटची उजळणी. एकच प्रश्न तिने चारदा विचारला. मी चारदा उत्तर दिलं, त्यामुळे तेवढं उत्तर पक्कं झालं.

पुस्तक तिच्या हातात उलटं होतं. मी सरळ करून दिलं. ती माझ्या हाताकडे बघत बसली, अंगठीकडे. मला उगीचच भीती वाटली. परीक्षेचं टेन्शन, दुसरं काय.

संकल्प: पास झालो की तिला कुठेतरी घेऊन जायचं. मी चालवणार नाही, दोघं मागे बसायचं, खिडकीची जागा तिला.

१७ मार्च, सोमवार. दुपार

शेजारीण बायकोजवळ बसली, मी गेलो.

सुरुवात फर्मास. तिने घेतले त्या क्रमाने प्रश्न आले असते तर मी सुवर्णपदक आणलं असतं. परीक्षकाने मध्येच विचारलं, एका सिस्टिमचं तेल गळालं की जोडपंप लगेच बंद का करायचा? मी म्हणालो, चेकलिस्टमध्ये लिहिलंय. तो म्हणाला, हो, पण का? मी पुन्हा म्हणालो, लिहिलंय म्हणून. समोर चष्म्यावरून बघणारं कुणी नव्हतं.

त्यानेच सांगितलं. आवाज मऊ होता, ते जास्त लागलं. रिकाम्या सिस्टिमला फिरवता फिरवता चांगली सिस्टिम तापते, मग तीही हातची जाते. म्हणून दिवा पहिल्यांदा लागतो तेव्हाच बघायचं असतं, कॅप्टन.

इतकी वर्षं मी जोडपंपाचं ते बटण दाबत आलोय. कशासाठी, ते आज कळलं. डावी सीट गेली.

१७ मार्च. संध्याकाळ

दार बायकोनेच उघडलं. या, बसा म्हणाली. पाहुण्यांच्या कपात पाणी आणून दिलं. शेजारीण मान खाली घालून निघून गेली.

मी म्हणालो, अगं, गेली परीक्षा. तिने चक् केलं. म्हणाली, वाईट वाटून घेऊ नका कॅप्टनसाहेब, आमच्या ह्यांचीही आज परीक्षाच आहे. मग खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाली, तुम्हाला म्हणून सांगते, त्यांना यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. मीच रात्रंदिवस पाठ करून त्यांच्याकडून घोकून घेते. पण माणूस लाख मोलाचा. त्यांना सांगू नका हं, फार लागतं त्यांच्या मनाला.

नाही सांगत म्हणालो.

न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडलो. चिठ्ठी लावलेलाच नळ होता.

लेकीला फोन केला. म्हणालो, इंडिकेशन बरोबर होतं. तिला कळेना. मग सरळ म्हणालो, डॉक्टरांची वेळ घे, मिळेल ती, चूक माझी आहे. वेळ रद्दच केली नव्हती म्हणाली, उद्यावर ढकलली होती.

१८ मार्च, मंगळवार. सकाळ

निघायचंय. लेक येतेय.

बायकोचे केस विंचरून दिले, भांग वाकडा झाला. तिने आरशातून विचारलं, आमच्या ह्यांचं काय झालं, कळलं का काही? पास झाले म्हणालो. इतकी खूश झाली! म्हणाली, येतीलच एवढ्यात, तुम्ही भेटूनच जा.

थांबतो म्हणालो.