बाळंतखोलीतली शेगडी

आई, मला तुझ्यावर रागवायचं आहे. तू गेलीस तेव्हा घरात रडारड होती म्हणून राहून गेलं, आणि पुढे गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात म्हणून राहून गेलं. आता मीच म्हातारी झाले आहे. आज सकाळी ठणकतं डोकं घेऊन उठले आणि पहिली तुझी आठवण आली. ती काही प्रेमाने आली नाही.

माझ्या पहिल्या बाळंतपणातली मागची खोली आठवते ना? स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. पौषाचे दिवस, खाडीवरून येणारा गार वारा, आणि त्या वाऱ्याशी तुझं उभं वैर. मी सासरहून पनवेलला पोचण्याआधीच तू खळ शिजवून खिडकीच्या फटींवर जुन्या वर्तमानपत्रांच्या पट्ट्या चिकटवल्या होत्यास, दाराखाली गोणपाट कोंबलं होतंस. बाजेवर मी, कुशीत पोरगी, बाजेखाली लोणारी कोळशाची शेगडी, आणि दाराला पाठ लावून जमिनीवर तू. त्या खोलीत लागली तशी झोप मला जन्मात पुन्हा लागली नाही. पण सकाळी डोळे उघडले की डोक्यात कुणी वरवंटा फिरवतंय असं वाटायचं. मळमळायचं, अंधारी यायची. मग मला न्हाणीत नेत, दार उघडं राही, बघायला आलेल्या बायका बसत, आणि दुपारपर्यंत दुखणं कुठल्या कुठे जाई. रोज हेच. मुक्या जनावराच्याही लक्षात आलं असतं, आपल्या आलं नाही.

कारणं मात्र सगळ्यांकडे तयार होती. बाबा म्हणाले, पित्त. शेजारच्या काकू म्हणाल्या, केस नीट वाळवले नसतील. आत्या म्हणाली, माहेरी आलं की डोकी दुखायचीच, कामाला हाक मारणारं कोणी नसतं ना. आणि अंग रगडायला येणारी विचुंबे गावची सुईण माझ्या कपाळावर तेल थापत म्हणाली, "पोरीचे डोक्यान वारा शिरलाय, बाय. कुठंतरी फट हाय. ती बुजवा तुमी, नायतर दुखनं जायाचं नाय." तू लगेच दिवा घेऊन भिंत चाचपलीस आणि उरलीसुरली फटही बुजवलीस. दुसऱ्या दिवशी मला उठून बसवेना.

शेवटी बाबांनी बाजारातल्या डॉक्टरांना आणलं. त्यांनी नाडी पाहिली, पापण्या ओढून पाहिल्या, आणि पिशवी उचलता उचलता विचारलं, "सकाळी उठल्यावर घरात आणखी कोणाचं डोकं दुखतं का?" इथे येऊन मी दर वेळी थांबते. तुझ्या कपाळावर रोज सकाळी सुंठेचा लेप असायचा, आई. तू भिंतीला धरून उठायचीस, सुंठ उगाळायचीस, वरून फडकं आवळून चुलीशी जायचीस. मी अर्धवट डोळ्यांनी बघत असायचे. त्या दिवशी डॉक्टर दारात आलेले दिसताच तू पदराने तो लेप पुसलास. आणि त्यांना म्हणालीस, "छे, आम्ही सगळे ठणठणीत आहोत." त्यांनी मान हलवली, अशक्तपणा आहे म्हणाले आणि लाल औषधाची बाटली लिहून दिली. ते गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत तू पुन्हा फडकं बांधत होतीस. तू का नाही सांगितलंस म्हणून विचारलं तर माझ्यावरच डाफरलीस, "ते तुझ्यासाठी आले होते. मला काय धाड भरलीय?"

त्याच आठवड्यात एका सकाळी पोरगी प्यायला उठेना. मी तिला हलवलं तर मान एका बाजूला पडली. माझी किंकाळी ऐकून बाबा आत आले, त्यांनी तिला उचलून परसात शेवग्याखाली नेलं आणि तिची पाठ चोळत राहिले. किती वेळाने ती रडली ते मला सांगता येणार नाही. तू मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्यास. मी मात्र त्या खोलीत पुन्हा पाऊल ठेवलं नाही. तू हाताला धरून ओढलंस तरी माजघरातच आडवी झाले, आणि माझं डोकं थांबलं, पोरगीही टवटवीत झाली. दृष्ट होती, उतरली, असं तू गावभर सांगितलंस.

पुढे तू गेलीस तीही तशीच. छातीत कळा येत होत्या ते कुणाला न सांगता, सगळ्यांच्या पोळ्या लाटून. तेराव्याला जेवायला आलेल्या बायका म्हणाल्या, कधी हूं की चूं केलं नाही हो. मला पंगतीतून उठून जावंसं वाटलं.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्याच पोरीचं बाळंतपण आलं. शेगडीसाठी कोळसे आणून ठेवलेत, असं मी हौसेने दवाखान्यात सांगितलं, तर डॉक्टरीणबाई माझ्यावर उसळल्याच. बंद खोलीत कोळसा जळला की विषारी वायू साठतो, म्हणाल्या. दिसत नाही, वास येत नाही. माणूस गाढ झोपतो आणि एखाद्या दिवशी उठतच नाही. "मग आधी कळायचं कसं?" मी विचारलं. "सकाळी डोकं दुखतं. एकट्याचं नाही, त्या खोलीत झोपलेल्या सगळ्यांचं."

सगळ्यांचं, आई. तो डॉक्टर नेमकं हेच विचारत होता. तुझ्या एका 'हो'वर माझ्या पोरीचा जीव टांगलेला होता, आणि तू ठणठणीत होतीस. लोक याला सोसणं म्हणतात. मी लपवणं म्हणते, आणि त्याची मला अजून चीड येते. तू असतीस तर तोंडावर सांगितलं असतं.

हे कुणाला वाचून दाखवणार नाही, पोरीला तर नाहीच. आज सकाळी ती चहा घेऊन आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, डोकं दुखतंय का?" मला काय धाड भरलीय, हे अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि हो म्हणाले, रोज दुखतं म्हणाले. तिने लगेच रक्तदाब मोजला, तो वाढलेला निघाला, दुपारी डॉक्टरकडे जायचं आहे. पण तुला म्हणून सांगते, ते 'हो' म्हणताना मला लाज वाटली. चोरी पकडल्यासारखी मान खाली गेली. ती लाज तुझी आहे, आई. तुझ्या लुगड्यांतलं एकही माझ्याकडे उरलं नाही, ही तेवढी राहिली.