डावं फूल

आये, यल्लम्माची ती परडी माझ्या गळ्यात टाकून तू सुटलीस. मला विचारलंस का? जाताना डोळे माझ्यावर लावलेस आणि म्हणालीस, "मंगळवारची पाच घरं चुकवू नगो." मरणाऱ्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हे तुला चांगलं ठाऊक होतं. तेव्हापासून दर मंगळवारी तंबाखूच्या वखारीत जायच्या आधी ती वेताची टोपली घेऊन पाच दारांत जोगवा मागते. गुडघे गेले, छातीत तंबाखूची धूळ बसली, तरी चुकवलं नाही. आणि आता तिच्यापायी तुझ्या नातीचं लग्न अडतंय.

पोरगी सातवी फायनल झाली, म्हणून बेळगावच्या मास्तराचं स्थळ चालून आलं. परवा पोराची आई माझ्या चुलीपाशी बसून म्हणाली, "आक्का, एक विचारते, राग मानू नका. घरात परडी नाही ना? आमच्यात चालत नाही. परडीवाले पोरी देवीला सोडतात म्हणे." मी म्हणाले, "कुठली परडी? आमच्यात न्हाय तसलं काय." परडी माझ्या पाठीमागंच होती, जोंधळ्याच्या कणगीआड. बाई चहा पिऊन खुशीत गेली. मला मात्र त्या दिवसापासून भाकरी गोड लागत नाही.

कारण तू मला देवीला सोडलं नव्हतंस. बाप गेला त्या वर्षी माझ्या केसांत जट धरली. चुलता म्हणाला, "देवीनं हाक मारलीया. पोरीला डोंगरावर नेऊन सोड." तू तेलाची वाटी घेऊन आलीस. मला उंबऱ्यावर बसवलंस, डोक्यावर तेल ओतलंस आणि एकेक केस सोडवायला लागलीस. मी बोंबलतेय, तू टपली मारतेस, "गप बस गं भवाने, डोकं तुजं हाय, कुनाच्या बापाचं न्हाय." जट सुटली. मग सौंदत्तीच्या डोंगरावर जाऊन तू स्वतःच परडी घेतलीस. चुलत्याला म्हणालीस, "यल्लम्माआईला जोगवा मागायला मानूस पायजे न्हवं? मी हाय की."

परतताना बैलगाडीत तू यल्लम्माची, म्हणजे रेणुकेची गोष्ट सांगितलीस. बापाचं ऐकून परशुरामानं आईचं डोकं उडवलं, मग त्यानंच वर मागून तिला उठवलं. मी विचारलं, "उठल्यावर आईनं त्याला हाणलं न्हाय?" तू म्हणालीस, "हानती कशाला? उठल्या उठल्या इचारलं, जेवलास का रं."

त्याला निदान कुऱ्हाड तरी लागली. मला तेवढीही लागली नाही, 'कुठली परडी' एवढ्या दोन शब्दांत तुला तोडलं.

आज देवीचा मुखवटा पुसला आणि कौल लावला. दोन्ही कानांशी ओल्या हळदीनं एकेक फूल चिकटवलंय. उजवं पडलं, तर त्या बाईला खरं सांगते, मग लग्न मोडलं तर मोडू दे. डावं पडलं, तर परडी डोंगरावर ठेवून येते आणि पुन्हा तुझं नाव काढत नाही. मंगळवारी ती माणसं सुपारी फोडायला येणार आहेत.

हा कागद टपालात टाकायचा नाही, चुलीतच जाईल. पण एक सांगते. डावं फूल मी मुद्दाम सैल लावलंय. धरायचं असेल तर तूच धर. मंगळवार उजाडायच्या आत मला कळलं पाहिजे.