दाजींचा अर्धा भात

२ मार्च, संध्याकाळ

आजपासून लिहायचं ठरवलं. मोठे कोच लोक सगळं लिहून ठेवतात म्हणे. आठवीत शाळा सुटली तेव्हापासून पेन फक्त पगाराच्या सहीला धरलंय, पण अक्षर अजून वाचता येतं. मला तरी येतं.

दाजींचा खांदा गेला. म्हणजे जागेवर आहे, पण हात वर जात नाही. आम्ही दोघे कामाला आहोत त्या हॉटेलच्या डॉक्टरने सांगितलं, महिना संपेपर्यंत वजनाला हात लावायचा नाही. वर्षभर मी या माणसावर मेहनत घेतली. पाहुण्यांच्या जिममधून भंगारात निघालेला बेंच आणि डंबेल्स मीच आमच्या क्वार्टरखालच्या स्टोअररूममध्ये आणून लावली. सत्तेचाळीस वर्षांचा बॉयलरवाला त्या बेंचवर आडवा पाडला कुणी? मी. आणि आता सुट्टी!

घरून ताईचा फोन आला. रडकुंडीला आली होती. महिनाअखेर कंपनीची मेडिकल आहे. गेल्या वर्षी दाजी बीपीत काठावर सुटले. यंदा अडकले तर बॉयलरवरून काढतील, आणि बॉयलरवाल्याला इथे दुसरं काम नाही, सरळ घरचा रस्ता. दोन पोरांच्या शाळा त्या बॉयलरवर चालतात. ताई म्हणाली, व्यायाम बंद आणि खाणं चालू असं झालं तर फुगतील रे ते, तू लक्ष ठेव. म्हटलं, ताई, तू निर्धास्त राहा. आजपासून त्यांचं ताट माझ्या ताब्यात.

मेडिकल माझीही आहे. लाँड्रीत ओले गठ्ठे उचलणाऱ्या सगळ्यांचीच असते. पण सव्वीस वर्षांच्या गड्याची मेडिकल म्हणजे नुसता सोपस्कार.

३ मार्च

नियम पहिला. वजन उचलणं बंद, म्हणजे शरीराचं दुकान बंद. बंद दुकानात माल कशाला भरायचा? दाजींचा भात अर्धा.

अडचण कँटीनच्या वाढप्याची. तो ताट रचून देतो. कमी वाढ म्हटलं तर त्याला अपमान वाटेल. म्हणून दाजींचा अर्धा भात मी माझ्या ताटात घेतला. अन्न टाकायचं नाही, ही आमच्या आईची शिकवण. दाजी म्हणाले, मेव्हण्या, तुझं दुकान बरं चोवीस तास उघडं असतं. मी भातावर आमटी ओतली. कोचने शिष्याच्या तोंडी लागू नये.

५ मार्च

मीही व्यायाम सोडला. शिष्याचा हात गळ्यात आणि गुरू समोर डंबेल नाचवतोय, हे बरं दिसत नाही. याला त्याग म्हणतात. कुणाच्या लक्षात येत नाही ती गोष्ट वेगळी.

दाजींच्या प्रोटीन पावडरचा डबा अर्धा शिल्लक आहे. ब्रेकमध्ये पावडर कशाला? पण उघडा डबा हवा धरतो. रोज मीच घेतो, दुधातून. दोन केळी कुस्करून, नाहीतर घशाखाली उतरत नाही.

८ मार्च

नियम दुसरा. अंडी बंद. एका व्हिडिओत बघितलं होतं, अंडं स्नायूंसाठी असतं. स्नायू जर घरी बसलेत तर अंडं कुणासाठी? व्हिडिओवाला पुढे आणखी काही सांगत होता, पण नेट गेलं.

सकाळी दाजींची दोन्ही अंडी मी उचलली. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की बॉयलरचा व्हॉल्व्ह सुटायच्या बेतात. बायकोच्या भावाला हाणता येत नाही, एवढ्या एका नात्यावर मी आज वाचलो. पण मागे हटलो नाही. ताईला मेसेज केला: सगळं कंट्रोलमध्ये.

११ मार्च, सकाळ

पँटचं बटण लागेना.

दुसरा कोणी असता तर घाबरला असता. मी लाँड्रीतला माणूस. कापड आटतं हे मला शिकवायला नको. तीन नंबरचा ड्रायर हल्ली जास्त तापतोय, मला केव्हाचा संशय होता. त्यातून निघालेल्या चादरी पापडासारख्या वाजतात. स्टाफचे युनिफॉर्म त्याच्यातच जातात. म्हणजे झालं!

शर्ट बाहेर सोडला आणि कामावर गेलो. बटणाच्या जागी सेफ्टी पिन.

१२ मार्च

इनचार्ज बाईंना न सांगता तीन नंबरचं तापमान खाली आणलं. पार खाली. सांगून परवानगी मागत बसलो असतो तर तोवर अख्ख्या स्टाफच्या पँटी लंगोट झाल्या असत्या. कुणीतरी पुढे व्हावंच लागतं.

१३ मार्च

दाजींना शिडीवर चक्कर आली.

चांगल्या हाताने पाइपाला धरलं म्हणून वाचले. खाली फरशी होती. बॉयलरच्या दोघांनी धरून डॉक्टरकडे नेलं, मी लाँड्रीतून धावत गेलो. डॉक्टरने विचारलं, खाता काय? दाजींनी सांगितलं. डॉक्टरने विचारलं, अंडी कुणी बंद केली? दाजी माझ्याकडे बघून म्हणाले, घरातल्याच एका तज्ज्ञाने.

मग डॉक्टर मला बोलला. म्हणे, पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाचे स्नायू आधीच निघायच्या तयारीत असतात, त्यांचं खाणं तोडलं की ते पहिले निघतात. म्हणे, व्यायाम थांबला तरी अंडी-डाळ-दूध तसंच ठेवायचं, भात थोडा कमी, पाणी भरपूर, आणि पायांना काही झालेलं नाही तर चालत राहायचं. एवढंच. म्हणे, चार दिवस डंबेल नाही उचललं तर माणूस विरघळत नाही.

भात कमी! म्हणजे नियम पहिला माझाच. डॉक्टरने तो कुठून उचलला ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी ताईचा फोन. चक्कर आल्याचं कुणीतरी कळवलेलं. मी सगळं समजावून सांगितलं, दुकान, माल, वगैरे. ती एवढंच म्हणाली, त्यांना काही झालं असतं तर मी पोरांना काय सांगितलं असतं? आणि फोन ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

जेवण गेलं नाही. म्हणजे माझ्या वाट्याचं गेलं, दाजींचा अर्धा भात गेला नाही.

१४ मार्च

दाजींनी अंडी परत घेतली. मीच दिली असं म्हणायला हरकत नाही, कारण मी हात आडवा केला नाही. भात मात्र अर्धाच, तो माझ्या ताटात. आज गेला.

१५ मार्च

लाँड्रीत गोंधळ. काल संध्याकाळच्या जेवणाला सगळे वेटर ओलसर शर्ट घालून उभे. मुख्य वेटर, ज्याला आम्ही बगळा म्हणतो, तो पाहुण्यांच्या सूपवर शिंकला. इनचार्ज बाईंनी तीन नंबरची बटणं तपासली आणि आम्हा सगळ्यांना रांगेत उभं केलं. मी पुढे झालो. खरं बोलायला मी कुणाच्या बापाला भीत नाही. सांगितलं, बाई, हा ड्रायर कपडे आटवतो, पुरावा माझ्या कमरेला आहे.

बाईंनी पिन बघितली. मग मला बघितलं. म्हणाल्या, बाळा, ड्रायर कापड आटवतो, पोट नाही वाढवत. सगळे हसले. इस्त्रीवाला तर टेबलाला धरून हसला.

हसा. ज्यांनी ज्यांनी पहिल्यांदा काही वेगळं सांगितलं, त्यांना लोक हसलेच आहेत.

१७ मार्च

दाजी हल्ली ड्युटी सुटली की गायब होतात. तासाभराने येतात, घाम पुसत, चेहरा खुशीत. विचारलं तर म्हणतात, जरा पाय मोकळे करून आलो. मी काय दुधखुळा आहे? कोपऱ्यावर बेकरी आहे. गरम पावाचा वास क्वार्टरपर्यंत येतो. उपाशी माणूस पाय मोकळे करायला कुठे जाईल?

१८ मार्च

बेकरीत पाळत ठेवली. काचेजवळची खुर्ची पकडली. आता दुकानात नुसतं बसता येत नाही, मालक बघत राहतो. म्हणून एक क्रीमरोल घेतला. दाजी आले नाहीत. मालकाला संशय नको म्हणून आणखी एक घेतला.

२० मार्च

पाळत चालू. मालक आता मला बघितलं की न विचारता दोन काढून ठेवतो. दाजी अजून सापडले नाहीत. पक्का माणूस आहे.

२२ मार्च

सापडले. काचेतून दिसले. हॉटेलच्या पार्किंगला बॉयलरच्या दोघांबरोबर फेऱ्या मारत होते. झपाझप. एकदा, दोनदा, मग मी मोजणं सोडलं कारण बशी आली. त्यांनी मला काचेतून बघितलं आणि हात केला. दुखरा हात! खांद्याच्या वर गेला.

तोंडात क्रीमरोल होता, नाहीतर मीही हाक मारली असती.

एक नक्की. मी बेकरीत बसलो म्हणूनच त्यांची बेकरीत यायची हिंमत झाली नाही. पहारा असा असतो.

२४ मार्च

दाजींनी युनिफॉर्मच्या खिडकीवर जुनी पँट परत दिली आणि एक साइज लहान घेतली. पट्ट्याला नवीन भोक पाडूनही सरकत होती म्हणे. बाई मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, तोच कारखाना, तोच गठ्ठा, तोच तीन नंबरचा ड्रायर. यांची सैल होते आणि कोचची घट्ट. देवाची करणी.

यावर माझ्याकडे उत्तर आहे. बॉयलरच्या उष्णतेने कापड ताणलं जातं. पण बाईंशी विज्ञान कोण बोलणार.

ताईला कळवलं, दाजी बारीक झाले, माझ्या पद्धतीला यश. तिचा उलटा मेसेज आला: तू कसा आहेस? मी अंगठा पाठवला.

२७ मार्च, दुपार

मेडिकल. दाजी रात्रभर कूस बदलत होते. सकाळी डॉक्टरच्या दाराशी बसले आणि माझा हात धरला. मी म्हटलं, घाबरू नका, मी आहे ना. ते म्हणाले, त्याचीच तर भीती आहे. पण माझा हात मात्र सोडला नाही.

दोघांना एकदमच आत घेतलं. डॉक्टरने आधी दाजींचं बीपी बघितलं, मग माझं. मग पुन्हा माझं. पट्टा बदलून तिसऱ्यांदा माझं. मग दोन कागद हातात धरून नर्सला विचारलं, यातले सत्तेचाळीसचे कोण?

दाजी पास. काठावर नाही, चांगले पास. बाहेर येऊन भिंतीला टेकले आणि ताईला फोन लावला. पास झालो एवढंच म्हणाले. फोन मला दिला. ताई तिकडे रडत होती. मागून भाचीचा आवाज आला, मामा, बाबा राहणार ना तिकडे कामावर? म्हटलं, राहणार गं राहणार.

माझं विचारलं नाही कुणी. बरंच झालं.

२८ मार्च

मला तात्पुरतं हलकं काम. गठ्ठे उचलायचे नाहीत, पुढची तपासणी होईपर्यंत नॅपकिनच्या टेबलावर बसून घड्या घालायच्या. डॉक्टरला सांगितलं, मी सध्या ब्रेकवर आहे, ब्रेकमध्ये असं होतं. डॉक्टर म्हणाला, ब्रेकमध्ये तुमचे दाजी होते, तुम्ही कशाच्या ब्रेकवर होता? प्रश्न उद्धट होता. सोडून दिला.

ताईने दाजींना सांगितलंय म्हणे, आता त्याचं ताट तुम्ही ताब्यात घ्या.

२९ मार्च

कँटीन. दाजींनी वाढप्याला सांगितलं, याला भात अर्धा. वाढप्याने हसत हसत अर्धा वाढला. अपमान वगैरे काही वाटला नाही त्याला. महिनाभर उगाच त्याचं मन जपलं मी.

अंड्यांना मात्र दाजींनी हात लावला नाही. उलट माझ्याकडे सरकवली. म्हणाले, खा मास्तर, ही बंद करायची नसतात. संध्याकाळी पार्किंगला या.

गेलो. बेकरीवरून जाताना मालकाने दोन काढून ठेवलेले दिसले. दाजी मधून चालत होते, म्हणजे मी रस्त्याकडच्या बाजूला आणि बेकरी त्यांच्या पलीकडे. तिसऱ्या फेरीला धाप लागली. मला.

३१ मार्च, संध्याकाळ

पिन तुटली. नॅपकिनच्या टेबलावर, बगळ्यासमोर.

युनिफॉर्मच्या खिडकीवर गेलो. माझ्या नव्या साइजची पँट स्टॉकमध्ये नाही, पुढच्या महिन्यात येईल. बाईंनी खालच्या फडताळात हात घातला आणि धुऊन ठेवलेली एक जुनी काढून दिली. कमरेच्या पट्टीवर आत शिवलेला नंबर: ११७. दाजींचा. घातली. बटण असं लागलं जसं काही शिंप्याने माझंच माप घेतलं होतं.

सगळे गेल्यावर ती पँट तीन नंबरमध्ये टाकली. तापमान पार वर केलं, काटा जाईल तिथपर्यंत. तासभर काचेसमोर बसून राहिलो. ती आत गरगर फिरत होती. चादर असती तर हातरुमाल होऊन निघाली असती.

काढली. गरम गरमच घातली.

तसूभर आटली नाही.