पिवळी फेज

४ फेब्रुवारी
समिती घरी आली. हे जाऊन दोन महिने झाले, मला वाटलं, उशिरा का होईना, सांत्वनाला. तर अध्यक्षांनी कागद काढला! "वहिनी, भाऊ गेल्यापासून पिवळ्या फेजवर लोडच नाही."
आमच्या इमारतीत वीज तीन फेजवर येते. लाल, पिवळी, निळी. पिवळीवर फक्त आमचं घर, ह्यांच्या लेथमुळे, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रामुळे. लेथ दिवसभर चालायचा तेव्हा तिन्हीकडे भार सारखा. आता वरच्यांचे दिवे मिणमिणतात आणि माझे बल्ब पटापट उडतात. परतीची वायर जुनी, त्यामुळे जास्तच.
ठराव असा — मी रोज दहा ते सहा लेथ चालवावा.
"मला येत नाही."
"करायचं काही नाही हो. नुसता फिरू द्या."

५ फेब्रुवारी
दहाला बटण दाबलं. फिरला. मी शेजारी बसून चहा घेतला.

८ फेब्रुवारी
मोकळा लेथ वीज कमी खातो म्हणे. आता सोबत गीझर आणि इस्त्री! कपडे संपले. पडद्यांना दोनदा इस्त्री झाली. चिटणीस जिन्यातून ओरडला, "काकू, जरा वाढवा! टीव्ही गेला!" जिवंतपणी ह्यांना कुणी एवढं विचारलं नाही.

११ फेब्रुवारी
लेकीला नववा सरत आला. "आई, वीसच्या आत ये. मला भीती वाटते." अध्यक्षांकडे रजेचा अर्ज दिला. हो, अर्ज! नामंजूर. "बदली माणूस द्या, मग जा." ह्यांच्या बदली मी. माझ्या बदली कोण?

१३ फेब्रुवारी
ह्यांचं वायरिंगचं पुस्तक काढलं. शाळा सातवीपर्यंत, पण वाचायला कोण अडवतं? तिसऱ्यांदा वाचताना उमगलं — दुसरं एखादं घर पिवळीवर जोडायचं! वायरमन म्हणाला, "काकू, अर्ध्या तासाचं काम."
समितीत सांगितलं. सगळे आढ्याकडे बघायला लागले. मग चिटणिसाची बायको — "आम्ही तसलं काही मानत नाही हो, पण त्या फेजवर माणूस गेलंय."
घ्या! मी विधवा ती विधवा, वर माझी वीजही विधवा.

१६ फेब्रुवारी
लेक फोनवर रडली. लेथच्या आवाजात अर्धं ऐकूच आलं नाही.

१७ फेब्रुवारी
अध्यक्षांची आई जिना उतरून आली. नव्वदीची. एकेका पायरीवर थांबत.
"अगं, आमचं घर घे तुझ्या फेजवर. चाळीस वर्षं विधवा आहे मी, एक बल्ब उडाला नाही."
मागून अध्यक्ष — "आई, तुला यातलं काय कळतं?"
"गप रे. घर माझ्या नावावर आहे."

१८ फेब्रुवारी
आजींचं घर पिवळीवर जोडलं. त्यांचे दोन एसी, गीझर, टीव्ही, सगळंच आलं. वायरमनने तिन्ही फेज मोजल्या. जवळजवळ सारख्या! "सुटलात काकू." अध्यक्षांनी आभाराचा ठराव वाचला. मी बॅग भरत होते.

१९ फेब्रुवारी
दहाला हात बटणाकडे गेला. मागे घेतला.
घरात काही आवाज नाही.
हे आज गेले.
अकराची गाडी आहे. निघते.